थंडीत पापड वाळवणाऱ्या अक्का

धुळ्याच्या आमच्या गल्लीतल्या अक्कांनी माझी नोकरी वाचवली. काय झालं ते पुढं सांगतोच, पण त्यांचं नाव आधी घेतो, कारण जिथं घ्यायला पाहिजे होतं तिथं मी ते घेतलं नाही.

गच्चीवर आल्या की अक्का आधी खाली वाकायच्या आणि हाताची मागची बाजू कोब्याला लावायच्या. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आपण लावतो तशी. तिथून दोन पावलं सरकायच्या, परत लावायच्या. मग कुठं डोक्यावरचं पापडाचं सूप खाली उतरायचं. मी घाई करायला लागलो की म्हणायच्या, "पहिले ऊन देख, मंग हात लाव."

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा. आमच्याकडं चार महिने पाऊस आणि पुढं दोन महिने धुकं. ऊन आलं तर आलं. नववीत शाळा सुटली, काजूच्या कारखान्यात तीन वर्षं काढली, आणि एका ओळखीवर सोलर बसवणाऱ्या शेठकडं धुळ्याला आलो. आईनं गावात सांगून टाकलं की पोरगा सोलरचा इंजिनिअर झाला. मी लोखंडी सांगाडे उभे करत होतो, नट आवळत होतो. प्रत्येक नट तीनदा. काम संपवून खाली उतरलो तरी फाटकातून परत जायचो, एखादा ढिला राहिला असेल म्हणून. सोबतचे हसायचे. हसू देत. मला रात्री झोप लागली पाहिजे.

अक्कांच्या घराची मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भरीत-भाकरी दिली. दुसऱ्या घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. त्या समोर बसून शांतपणे बघत होत्या.

"कोल्हापूरना ना रे तू? मंग डोयाले पाणी कसाले?"

त्यानंतर गल्लीत माझी ओळख तीच झाली. भरीत खाऊन रडलेला कोल्हापूरकर.

तुमच्याही गल्लीत पापड करणारी एखादी बाई असेल. पण ती उन्हाळ्यात करत असेल. उन्हाळ्यात काय, कोणीही वाळवतं. अक्का थंडीत करायच्या. माघ-फाल्गुनातल्या लग्नांना रुखवतात मांडायला उडदाचे, नागलीचे पापड लागतात, ज्वारीच्या बिबड्या लागतात, आणि ताज्या लागतात. शिरपूरपासून बायका यायच्या. थंडीतल्या उन्हात पापड मऊ न पडता, बुरसा न धरता वाळवायचा, हे अख्ख्या पेठेत अक्कांनाच जमायचं. नवरा गेल्यापासून तीस वर्षं त्यांनी त्यावर घर चालवलं, मुलाला शिकवलं. मुलगा पुण्यात चांगला लागला तरी त्यांनी त्याच्याकडून मनीऑर्डर कधी मागवली नाही, आणि हे त्या दर दोन दिवसांनी कोणाला तरी ऐकवायच्या.

त्यांच्या गच्चीच्या कोब्यावर गेरूच्या रेघा होत्या. मला वाटलं, पोरांनी खेळायला आखल्या असतील. त्या सावलीच्या होत्या. जिन्याच्या खोलीची सावली मार्गशीर्षात सकाळी कुठवर, दुपारी कुठवर, पौषात कुठवर. दर वर्षी पावसानं पुसट झालं की त्या परत ओढायच्या. थंडीत गच्चीचा उत्तरेकडचा निम्मा भाग सावलीत जातो आणि दक्षिणेच्या बुटक्या कठड्याजवळचा पट्टा तेवढा दिवसभर उन्हात राहतो. तिथं त्यांच्या खाटा. त्याही सरळ ठेवलेल्या नसत. उत्तरेकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे खाट दक्षिणेला तोंड करून तिरपी. मी विचारलं, पापड घसरत नाहीत का? म्हणाल्या, हिवाळ्यात सूर्य डोक्यावर येत नाही, समोर येतो, मग आपणही त्याच्याकडं तोंड करून बसायला नको का? उन्हाळा लागला की विटा काढायच्या.

"हिवायानं ऊन पाव्हना शे. उशिरा येस, लवकर जास. त्याले वाट देखाले लावू नको."

आता माझी चूक सांगतो.

मे महिन्यात शेजारच्या कॉलनीत बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांच्या घराची मोजणी शेठनं माझ्यावर टाकली. माझी पहिलीच. खरं तर सगळ्यांच्या मोजण्या मेमध्येच होतात, कारण कूलरचं बिल आलं की माणसाला सोलर आठवतं. मी भर दुपारी फीत लावली, खडूनं खुणा केल्या, फोटो काढले. दक्षिणेला शेजाऱ्यांची उंच पाण्याची टाकी होती. तिची सावली टाकीच्याच बुडाशी मावली होती. मी लिहिलं, सावली नाही.

डिसेंबरात काकांचा फोन. वीज निम्म्यानं उतरली. मी धावत गेलो. ती सावली काकांच्या गच्चीवर येऊन पडली होती, दोन पॅनेलांवर आडवी. तुम्हांला माहीत नसेल तर सांगतो, पॅनेलं एका ओळीत जोडलेली असतात, दोघांवर सावली पडली की बाकीचीही हातपाय गाळतात. शेठ म्हणाला, आठ दिवसांत नीट कर, नाहीतर गावाकडची गाडी पकड, आणि धुळ्या-जळगावात तुला कोणी उभं करणार नाही हे मी बघतो. गावाकडं म्हणजे भावाच्या संसारात, त्याच्या बायकोच्या हातचं, मान खाली घालून. आणि आईनं तर गावभर सांगून ठेवलेलं.

मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण दोन दिवस जेवलो नाही हे अक्कांनी ओळखलं. ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता गेरूचा खडा पदराला बांधून माझ्याबरोबर काकांच्या घरी निघाल्या. साठी उलटलेली बाई, परक्याच्या गच्चीवर, पोत्यावर बसून संध्याकाळपर्यंत. तासातासाला उठायच्या, सावलीच्या कडेनं रेघ ओढायच्या. काकूंनी चहा आणला तर चहाही सावलीवर नजर ठेवून प्यायल्या.

दिवसभरात त्यांनी मला जे शिकवलं त्यावर मी आजही पोट भरतो. दोन पॅनेलं उचलून पूर्वेच्या कडेला ने. सगळ्यांचे मागचे पाय वाढव, खाटेखाली विटा घालतो तसे. मग त्यांनी काचेवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. जवळच्या जिनिंगमधला कापसाचा तूस थंडीत हवेत असतोच, त्यावर दव पडून काचेवर पातळ गोधडीसारखा थर बसला होता. सावलीच्या नादात मला तो दिसलाच नव्हता. पहाटेचं दव काचेवर असतानाच मऊ फडक्यानं पुसून घ्यायचं, बोअरचं पाणी ओतायचं नाही, ते वाळलं की पांढरं मीठ राहतं. पापडाचा प्लॅस्टिकचा कागद त्या तसाच पुसायच्या. आणि काकूंना सांगितलं, इस्त्री, कपड्याचं मशीन, पाण्याची मोटर, सगळं अकरा ते तीनमध्ये उरका, संध्याकाळी नको. काकू म्हणाल्या, दुपारी माझी मालिका असते. अक्का म्हणाल्या, मालिका रात्री परत लागते, ऊन लागत नाही.

आठवड्यात वीज चढली. काका खूश. शेठ आला, सांगाड्याभोवती फिरला, आणि काकांना म्हणाला, पोराला मीच सांगितलं होतं पाय वाढव म्हणून. मग माझ्याकडं वळून विचारलं, सावलीचं कसं काढलंस रे? मी म्हणालो, बघत बसलो शेठ. एवढंच म्हणालो. अक्का हा शब्द जिभेवर होता, पण भीती वाटली, म्हातारीच्या सांगण्यावरून कामं करतो म्हणेल.

सांगायचं ते काकांनी सांगितलं. त्यांना वाटलं, चांगल्या कामाची चांगली चर्चा व्हावी. दोन दिवसांनी शेठ अक्कांच्या दारात. अक्कांना इतका आनंद झाला की काय सांगू. तीस वर्षांत त्या रेघा बघायला कोणी आलं नव्हतं. त्यांनी एकेक रेघ दाखवली, हा मार्गशीर्ष, हा पौष, ही संक्रांत. तळलेले पापड दिले, चहा दिला. शेठनं मोबाईलमध्ये फोटो काढले. जिना उतरताना मला म्हणाला, अख्ख्या धुळ्यात थंडीत एवढं ऊन असलेली गच्ची बघितली नाही, आणि म्हातारी त्यावर पापड वाळवते.

शेठनं ते फोटो पुण्याला मुलाकडं पाठवले आणि या गच्चीवर सोलर बसवू का म्हणून विचारलं. मुलगा वाईट नाही, हे मला लिहावंच लागेल. त्याला वाटलं, आईचे गुडघे गेलेत, डोक्यावर सूप घेऊन जिना चढते, आता बसून खावं तिनं. घर त्याच्या नावावर होतं. त्यानं होकार दिला आणि काम माझ्या नावावर लागलं.

मी नाही म्हणू शकलो असतो. हे मी पुष्कळदा घोळवलं आहे. नाही म्हटलं असतं तर पॅनेलं दुसऱ्यानं बसवली असती, हेही खरं. पण मग ती दुसऱ्यानं बसवली असती, मी नाही.

पाच पॅनेलं ठरली होती. अक्कांनी मुलाशी भांडण केलं नाही. माझ्याबरोबर फितीचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या. कुठं बसवायची ते मला शोधावं लागलंच नाही, खालचे गेरूचे पट्टे होतेच. त्यांनी एकच मागितलं. दक्षिणेच्या कठड्याला बोट लावून म्हणाल्या, "बठ्ठं ऊन ले. माले एक खाटनी जागा ठेव."

बठ्ठं म्हणजे सगळं. मी हो म्हणालो. शब्द दिला. खडूनं तेवढी जागा सोडून आखलंही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठनं जागा बघितली आणि मुलाला फोन लावला. सहावं बसतंय. मुलगा म्हणाला, बसतंय तर बसवा. मी शेठला सांगितलं, अक्कांना तिथं खाट ठेवायची आहे. शेठ हसला. म्हणाला, खाट खाली ठेवू दे ना, पॅनेलच्या. खाली म्हणजे सावलीत, हे त्याला कळत होतं.

मी पॅनेल उचलून उभा राहिलो. अक्का जिन्याच्या दारात होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं ते कशासाठी, मला नक्की सांगता येणार नाही. त्यांनी ओरडावं, अडवावं, असं वाटत असेल.

"बसाड," त्या म्हणाल्या. "तुनं काम शे ते."

मी बसवलं. नट तीनदा आवळले.

पुढच्या थंडीत त्यांनी एकदा करून बघितलं. पॅनेलांच्या मधल्या बोळात दोन हात ऊन यायचं आणि तासाभरात सरकायचं. खाट घेऊन त्या त्याच्यामागं फिरायच्या. गुडघ्यांना आराम मिळावा म्हणून हे सगळं केलं होतं. शिरपूरच्या एका लग्नघरचे उडदाचे पापड तीन दिवसांत वाळले नाहीत आणि चौथ्या दिवशी त्यांना बुरसा धरला. बाई चांगली होती, काही बोलली नाही, पण पुढच्या खेपेला आली नाही. मग कोणीच आलं नाही. अक्का दुपारच्या अंगणात नुसत्या बसायला लागल्या. मी कामावरून आलो की विचारायच्या, आज कोणाच्या गच्चीवर होतास, ऊन कसं होतं. मी सांगायचो. एकदाही त्या मला टाकून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. संक्रांतीनंतर मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. सूप नेलं नाही. तिथं काय करायचं त्याचं, म्हणाल्या.

मी आता जळगावला आहे, दुसऱ्या शेठकडं. माझ्या मोजण्या चांगल्या समजल्या जातात. मेमध्ये मोजायला गेलो तरी गिऱ्हाईकाला सांगतो, ही टाकी डिसेंबरात तुमच्या गच्चीवर येणार. लोक विचारतात, कुठं शिकलात? आता मी सांगतो. धुळ्यात एक अक्का होत्या म्हणून सांगतो, आणि लोकांना वाटतं अक्का वारल्या.

वारल्या नाहीत. मी महिन्यातून एकदा फोन करतो. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, चारी बाजूंनी उंच इमारती. नातवंडं गोड आहेत, सून जपते. मागच्या वेळी विचारलं, करमतं का? म्हणाल्या, "आठे बठ्ठं शे भाऊ. ऊन तेवढं नही."

धुळ्याच्या घराला कुलूप आहे. त्या घराची वीज माझ्या मोबाईलवर अजून दिसते, धुळ्याच्या शेठकडून ॲपमधला माझा नंबर काढायचा राहून गेला. थंडीत ते घर आसपासच्या सगळ्या घरांपेक्षा जास्त वीज करतं. खाली दिवा लावायला कोणी नाही, सगळी तारेतून बाहेर जाते.

अक्का, तुम्ही हे वाचणार नाही, कोणी वाचून दाखवलं तर दाखवो. ते सहावं पॅनेल मी बसवलंय, मीच उतरवणार. तुमच्या मुलासमोर बसून बोलायचं धाडस अजून माझ्यात नाही, पण येईल. एका मार्गशीर्षात मी तुम्हांला पुण्याहून घेऊन येईन, जिना हात धरून चढवीन, आणि तुम्ही म्हणाल त्या दिवसापर्यंत ती जागा मोकळी ठेवीन. या वेळी शब्द मोडणार नाही.