तक्रार, मार्फत विभागप्रमुख

शनिवार, जानेवारीचा शेवटचा आठवडा, सकाळी साडेदहा. प्राचार्यांची खोली. उपस्थित: प्राचार्य, संगणक विभागाचे प्रमुख, मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई, मी, शिकवायला कॉमर्स आणि त्या वर्षी मानांकनाचं काम गळ्यात पडलेली, आणि संगणकाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी, जी खुर्ची दिली तरी बसेना. विषय एकच: तिचा अर्ज.

दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. कर्वेनगरमधलं आमचं कॉलेज तसं साधंच, पण संगणकाचा वर्ग सुरू झाल्यापासून भंडाऱ्याहून, यवतमाळहून मुलं येऊ लागली होती. शहराबाहेर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथे नोकऱ्या आहेत, हे भंडाऱ्यात पुण्याच्या आधी कळलेलं असे. त्याच वर्षी कॉलेजने मानांकन घ्यायचं ठरवलं. बाहेरगावची समिती येणार, तीन दिवस सगळं तपासणार आणि श्रेणी देणार. त्यासाठी भरायच्या माहितीत एक प्रश्न होता: विद्यार्थी तक्रार कशी करतात आणि तिचं पुढे काय होतं?

प्राचार्य म्हणाले, ‘‘लिहा की, आमच्याकडे तक्रारच नाही.’’

‘‘सर, इतक्या वर्षांत एकही नाही, हे कोणाला पटेल?’’

‘‘मला पटतं,’’ ते म्हणाले. मग माहितीचा फॉर्म माझ्याकडे सरकवत म्हणाले, ‘‘बरं, मिळतात का बघा.’’

मी कामाला लागले. वर्गावर्गात जाऊन सांगितलं की तक्रार असेल तर लिहून द्या, कोणी रागावणार नाही. मुलांनी आज्ञाधारकपणे लिहून दिलं. एकाने कॅन्टीनच्या वड्याबद्दल आधी वाईट आणि मग चांगलं लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी शिक्षकांचे आभार मानले होते. एका मुलीने माझ्या साड्यांची स्तुती केली होती, ती मी समितीला दाखवणार नव्हते.

त्याच संध्याकाळी ही अर्जवाली विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दाराशी आली. सडपातळ, वेणी घट्ट, आवाज मात्र ठाम.

‘‘मॅडम, तुम्ही तक्रारी मागून राहिले. मी तर दिवाळीच्या आधीच दिली जी.’’

‘‘कोणाला?’’

‘‘मार्फत दिली.’’

आमच्याकडे अर्ज करायची रीत अशी की वर ‘प्रति, मा. प्राचार्य’ आणि त्याखाली ‘मार्फत, विभागप्रमुख’. विभागप्रमुखांची सही झाल्याशिवाय कार्यालय अर्ज घ्यायचंच नाही. रजेचा अर्ज असो, दाखल्याचा असो की तक्रारीचा, रीत एकच. आणि तिची तक्रार होती विभागप्रमुखांनी लावलेल्या वेळापत्रकाबद्दल.

तिचं म्हणणं साधं होतं. संगणकाच्या खोलीत पाळ्या लावलेल्या, हजेरी क्रमांकाप्रमाणे. बाहेरगावच्या मुलींचे प्रवेश शेवटच्या यादीत होतात, म्हणून त्यांचे क्रमांक शेवटचे, म्हणून त्यांची पाळी संध्याकाळी शेवटची. वसतिगृहाचं फाटक सातला बंद. वसतिगृह कालव्याच्या पलीकडे, त्यामुळे अर्धा तास आधी उठावं लागे. त्यात चपला बाहेर काढणं, संगणकावरची कापडं घडी करणं आणि यंत्र सुरू होण्याची वाट बघणं हे सगळं पाळीच्या वेळातच. हातात जेमतेम काही मिनिटं उरत. मार्चमध्ये एक कंपनी कॉलेजात येणार होती आणि तिची परीक्षा कागदावर नव्हती, संगणकावर होती.

‘‘बाबांनी तीन वर्षं म्हणून पाठवलं,’’ ती म्हणाली. ‘‘नोकरी लागली तर मी राहीन. नाही तर ते मे महिन्यात न्यायला येऊन राहिले.’’

मी अर्ज शोधायला विभागप्रमुखांकडे गेले. हा माणूस मला फार आवडायचा. संगणकाच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून ते स्वतः मोजे बदलून आत जात. त्यांनी लगेच ट्रेमधून अर्ज काढून दिला. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात शेरा होता: ‘विभागप्रमुखांकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी.’ खाली त्यांचीच सही आणि ‘मिळाले’ म्हणूनही त्यांचीच सही.

‘‘सर, हा तुम्ही तुम्हालाच पाठवलात?’’

‘‘रीतसर पाठवला.’’

‘‘मग कार्यवाही?’’

‘‘अहो मॅडम, तक्रार माझ्याबद्दल आहे. मीच निर्णय दिला तर तो पक्षपात झाला असता. म्हणून थांबलो.’’

ते अगदी मनापासून बोलत होते. अर्जाची प्रत रेक्टरबाईंनाही गेली होती. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘प्रत माहितीसाठी होती. माहिती झाली.’’

म्हणून ही शनिवारची बैठक. प्राचार्यांनी सुरुवात केली, ‘‘आपल्याकडे तक्रार आली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.’’ मुलीने माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं.

रेक्टरबाई म्हणाल्या, ‘‘सातची वेळ मी काढलेली नाही. ती संस्थेच्या नियमात आहे. कालव्याच्या रस्त्याला दिवे किती आहेत ते आपण एकदा येऊन बघा. आईवडील माझ्या भरवशावर मुली ठेवतात.’’

विभागप्रमुख म्हणाले, ‘‘पाळ्या बदलायला माझी हरकत नाही. पण सकाळच्या मुली संध्याकाळी कुठे कुठे शिकवण्या घेतात. त्यांना तेव्हा थांबवलं तर त्यांची तक्रार येईल.’’

‘‘येऊ द्या,’’ प्राचार्य म्हणाले, ‘‘दोन होतील.’’

‘‘सर,’’ मी म्हटलं.

‘‘बरं, राहिलं.’’

मग मुलगी बोलली. ‘‘पाळी नका बदलू जी. फाटक साडेआठपर्यंत उघडं ठेवलं तर पुरते.’’

‘‘आणि तेवढ्या अंधारात तुम्हाला आणणार कोण?’’ रेक्टरबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात नकार नव्हता, काळजी होती.

विभागप्रमुखांनी चष्मा पुसला. ‘‘माझं घर त्याच बाजूला आहे,’’ ते म्हणाले. ‘‘खोलीला कुलूप मीच लावतो. मी सोडीन फाटकापर्यंत.’’

‘‘रोज?’’

‘‘पाळी रोज असते, तर रोज.’’

सोमवारपासून ते सुरू झालं. मी एकदा मुद्दाम थांबून बघितलं. पुढे मुलींचा घोळका, कोणी गाणं म्हणतंय, कोणी प्रोग्राममधली चूक कुठे असेल यावर भांडतंय, आणि मागे विभागप्रमुख, बंद स्कूटर हाताने ढकलत. सुरू केली तर मुलींच्या पुढे जावं लागेल, म्हणून ढकलत. फाटकाशी रेक्टरबाई टॉर्च घेऊन उभ्या. ‘‘आज पाच मिनिटं उशीर,’’ त्या म्हणत. ‘‘घड्याळ पुढे आहे आपलं,’’ हे म्हणत. हा संवाद बहुधा रोजचा होता आणि दोघांनाही तो हवासा असावा.

माझं काम मात्र संपलं नव्हतं. मी तक्रार निवारणाचा नमुना तयार केला होता. शेवटची ओळ: ‘तक्रारदाराचे समाधान झाले’, आणि सहीची जागा. मी तिला बोलावलं. तिने सगळं वाचलं आणि पेन परत दिलं.

‘‘सही नाही करत जी.’’

‘‘का? वेळ मिळतोय ना?’’

‘‘मिळून राहिला. पण हे लिहून कुठे आहे? कमिटी गेल्यावर फाटक पुन्हा सातला लागलं तर?’’

प्राचार्यांनी तिला खोलीत बोलावून समजावलं. ‘‘बाळ, माझ्या शब्दावर विश्वास नाही का?’’

‘‘आहे ना जी. पण तुम्ही तर पुढच्या वर्षी रिटायर होऊन राहिले.’’

प्राचार्य मोठ्याने हसले. मग मला म्हणाले, ‘‘प्रलंबित लिहा. खरं आहे तेच लिहा.’’ वसतिगृहाचा नियम बदलायचा तर संस्थेचा लेखी आदेश लागतो. मी त्याच दिवशी संस्थेला पत्र पाठवलं.

समिती आली. तक्रारींच्या फाइलमध्ये कागद एकच, तोही अपुरा. समितीतले एक वयस्क गृहस्थ विभागप्रमुखांचे शेरे दोनदा वाचून डोळे पुसेपर्यंत हसले. मग गंभीर झाले आणि विद्यार्थ्यांच्या भेटीत तिच्याशी बराच वेळ बोलले. जाताना त्यांनी अहवालात लिहिलं की तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्यामार्फत घेऊ नये, कॉलेजने वेगळी तक्रार समिती नेमून थेट तिच्याकडे घ्यावी. आम्ही ते लगेच अमलात आणलं. श्रेणी बरी मिळाली. प्राचार्यांनी पेढे वाटले आणि पहिला तिला दिला.

मार्चमधल्या कंपनीने तिला घेतलं नाही. दोन दिवस ती पाळीला आली नाही, तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी निरोप धाडला की जागा रिकामी आहे, कापड झाकून ठेवलंय. ती आली. एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या कंपनीने घेतलं. मे महिन्यात तिचे बाबा ठरल्याप्रमाणे आले, विभागप्रमुखांना घरच्या तांदळाची पिशवी दिली, मंडईतून आंबे घेतले आणि एकटेच परत गेले.

त्यानंतर प्राचार्य बदलले, रेक्टर बदलल्या. विभागप्रमुखांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा स्कूटर ढकलायचं काम दुसऱ्या सरांनी घेतलं, पुढे रस्त्याला दिवेही आले. फाटक अजून साडेआठला बंद होतं. पण नवीन आलेली प्रत्येक रेक्टर मला विचारते, ‘‘हे कुठे लिहिलेलं आहे, मॅडम?’’ आणि मी सांगते की संस्थेकडून यायचं आहे. संस्था सांगते, विषय पुढच्या सभेत घेऊ. स्मरणपत्रं मी दर जूनमध्ये पाठवते.

ती आता बाणेरला राहते, तिची मुलगी शाळेत जाते. मध्ये फोन आला तेव्हा बोलणं संपता संपता तिने विचारलं, ‘‘आला का जी आदेश?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘मग मी पण सही करून नाही राहिली.’’

बरोबर आहे तिचं. या जूनचं स्मरणपत्र टाईप करून झालंय, संस्थेच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्यायचं राहिलं आहे.