वरच्या खोलीतली पोलंडवाली

पोलंडवाली आमच्या वरच्या खोलीत राहायला आली आणि दुसऱ्याच आठवड्यात ‘आपलं उज्जैन’ म्हणायला लागली. मला नागपूरहून लग्न होऊन माधव नगरात येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि माझ्या तोंडी अजून ‘तुमचं उज्जैन’च होतं.

तिचं नाव मार्ता. तिकडच्या लोकांसाठी ती घरी बसून भाषांतरं करायची. “तेवढ्या कमाईत तिथे जेमतेम भागलं असतं, इथे राणीसारखी राहते,” असं आमचे हे म्हणायचे. मला सलायचं ते तिचं संध्याकाळी बाहेर पडणं. काम आटोपलं की ती एकटी रामघाटावर जायची, पायरीवर बसून पंड्यांशी गप्पा मारायची आणि येताना सासूबाईंना गरम जलेबी आणायची. एवढा वेळ कुठे होतीस, हे तिला कोणी विचारत नसे. मला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला उशीर झाला तरी जबाब द्यावा लागे.

मराठी ती सासूबाईंकडून शिकली, म्हणजे आमच्या इथली, निम्मी हिंदीतली. “आई, टेन्शन नाही घ्यायचं,” हे तिचं पेटंट वाक्य. एकदा खीर शिकताना तिने सासूबाईंच्या माहेरच्या पातेल्यात दूध करपवलं. मी मनातल्या मनात खूश होऊन दारात उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, “असू दे गं, होतं असं.” आणि मग माझ्याकडे वळून, “तू बघत काय उभी आहेस? घास ते पातेलं.”

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कमाल झाली. नऊवारी नेसून मार्ता दारात तिळगूळ वाटत होती. सासूबाई बायकांना सांगत होत्या, “ही आमची मार्ता.” नंतर माझ्याकडे हात करून, “आणि ही सून, नागपूरची.”

सहा वर्षं असं चाललं. यंदा तिचा व्हिसा वाढून मिळाला नाही. निघायच्या दिवशी सासूबाई देवघरातून बाहेरच आल्या नाहीत. मार्ताने उंबऱ्याशी उभं राहून दोनदा हाका मारल्या, मग तिथूनच नमस्कार केला. तिला स्टेशनवर सोडायला मी गेले.

गाडीची वाट बघताना ती म्हणाली, “वहिनी, एक सांगू? मला तुझी जलन व्हायची.”

“माझी? कशाबद्दल?”

“आई तुला रागवतात. मला एकदा पण नाही रागवल्या. मी पाहुणी होते ना.”

इतकी वर्षं हेवा मी केला होता. तेवढी एक गोष्ट फक्त माझी होती, तीही ती जाता जाता घेऊन निघाली. गाडी आली. तिने मला घट्ट मिठी मारली आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, पण डोळे माझेही कोरडे नव्हते.

घरी आले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. कुठे होतीस, असं सासूबाईंनी विचारलं नाही. घाईघाईत केलेल्या भाजीत मीठ फार पडलं होतं. पहिल्या घासालाच मला कळलं आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या खाली मान घालून, एक शब्द न बोलता, सगळी भाजी जेवल्या. मला ते मुळीच आवडलं नाही.