मीनूविरुद्ध माझं उपोषण

मी आयुष्यात एकदाच उपोषण केलं, आणि तेही पोटच्या सतरा वर्षांच्या पोरीविरुद्ध.

रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं. शंकर नगरातल्या आमच्या ऑफिसात टेबलं कमी आणि भोपाळहून आलेले साहेब जास्त. (तीन महिने मी फाइल मांडीवर घेऊन लिहिलं.) त्याच दिवसांत भनपुरीला एक ट्रक माझ्या स्कूटरला घासून गेला. मी ड्रायव्हरला खाली ओढलं आणि थोबाडीत दिली. तो माझ्या वडिलांच्या वयाचा निघाला. "गलती हो गई, बाबूजी," म्हणत त्यानं हात जोडले. घरी येईपर्यंत माझाच हात चरचरत होता. देवापुढे उभं राहून ठरवलं, यापुढे हात उचलायचा नाही आणि आवाजही चढवायचा नाही.

बायकोला, सुमनला, सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. पण जमन का तुमाले?"

जमलं. दोन महिने मी इतका शांत राहिलो, की दूधवाल्याला मी आजारी वाटलो.

मग एका शनिवारी संध्याकाळी मीनू उड्या मारत घरी आली. नवं राज्य म्हणजे सगळ्या खेळांचे नवे संघ. ज्युडोच्या मुलींच्या संघात तिची निवड झाली होती आणि स्पर्धेसाठी बाहेरच्या राज्यात जायचं होतं.

"मारामारी करायले?" मी शांतपणे विचारलं.

"पापा, जूडो में मारते नहीं, गिराते हैं." (आमची पोट्टी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते.)

"अन् जे पडते तिले काय गुदगुल्या होतात?"

सुमन मधे पडली. "काहून रागावून राहिले तुम्ही?"

"मी कोणावर रागावतच नाही आता. मीनूले जायचं असन तर खुशाल जाऊ दे. मी फक्त जेवत नाही."

ब्राह्मणपाऱ्यात आमच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेल्या. रविवारी सकाळपर्यंत साऱ्या मोहल्ल्याला कळलं. शेजारच्या साहूभाभींनी ओसरीत सतरंजी अंथरली. कोणीतरी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. एका अनोळखी माणसानं सायकल थांबवून विचारलं, "किसके विरोध में बैठे हो, भैया?"

"बेटी के," साहूभाभी म्हणाल्या.

त्यानं सायकल स्टँडवर लावली आणि आत येऊन बसला.

ऑफिसातले वर्माजी आले. "बैठे ही हो, तो हमारी सरकारी क्वार्टर वाली मांग भी जोड़ लो." मी नाही म्हणालो नाही. खरं सांगायचं, तर मला मजा येत होती. गळ्यात हार असला की भूक जरा कमी लागते. मीनूनं दोनदा चहा आणला. दोन्ही वेळा मी हात जोडून परत पाठवला. तिचा चेहरा बघितला नाही. माझं लक्ष, आपण किती नम्रपणे हात जोडले, याकडे होतं.

सोमवारी रजा टाकली, आणि दुपारी न्हाणीघरात चक्कर येऊन पडलो. डोळे उघडले, तेव्हा माझं ऐंशी किलोचं शरीर हवेत होतं. मीनूनं मला एका झटक्यात खांद्यावर घेतलं होतं. पलंगावर उतरवलं तेही इतकं अलगद, की कुठे खरचटलंसुद्धा नाही.

"नहीं जाती, पापा. आप खा लो."

मोसंबीचा रस तिनंच पाजला. ओसरीत टाळ्या वाजल्या. मधल्या सुट्टीत आलेले वर्माजी तेवढे हिरमुसले. त्यांचं क्वार्टर राहूनच गेलं.

माणसं पांगल्यावर रिकामा पेला उचलत सुमन म्हणाली, "तुम्ही एक थापड मारली असती, तर पोट्टी चार दिवस रुसली असती अन् मग गेलीच असती. आता कशी जाईन? बाप मरन म्हणून भेली ते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्कूटर काढून, मीनूला पाठवतो हे सांगायला, तिच्या प्रशिक्षकांकडे धावलो. ते म्हणाले, "अंकलजी, कल शाम को ही दूसरी लड़की का नाम भेज दिया. मीनू खुद मना करके गई. बोली, पापा की तबीयत ठीक नहीं रहती."

उपोषणाबद्दल तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. बापाची अब्रू राखून आली होती.

घरी येऊन मी तिची माफी मागितली. "हव पापा, कोई बात नहीं," ती म्हणाली आणि ज्युडोचा जाड पांढरा पोशाख घडी करून पेटीत ठेवला. पुढे कॉलेज झालं, बँकेत नोकरी लागली. तो पोशाख पुन्हा बाहेर निघाला नाही. कितीदा तरी वाटलं, आपणच काढून द्यावा. पण कोणत्या तोंडानं देणार?

मग तिची जगदलपूरला बदली झाली. जाऊ का, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "तुले पटन तसं कर बेटा. मी एक शब्द बोलणार नाही."

ती पांढरीफटक पडली. "पापा, कुछ तो बोलो. डांट लो. आप चुप रहते हो तो डर लगता है."

तेव्हापासून मी घरात मोकळ्या गळ्यानं ओरडतो. ती जगदलपूरहून सुट्टीत आली, की मी ओरडतो, ती दुप्पट आवाजात उलट उत्तर देते, आणि आमच्याकडे सगळे पोटभर जेवतात.