चार बिऱ्हाडांचा एक वरवंटा

एका पाट्यावर चार बिऱ्हाडांची चटणी वाटली जाते, तिथं किस्से साठायला वेळ लागत नाही. मी लासुर्ण्यात शिक्षिका म्हणून खोली घेतली तेव्हा नव्वदीतले दिवस होते. मिक्सर घरोघरी आले होते, पण सकाळी नेमकी लाइट गुल! मग अंगणातल्या पाट्याशी नंबर लागायचे.

*

आमच्यातल्या मंगलनं नवा मिक्सर घेतला. पहिल्याच दिवशी कोथिंबीर-पुदिन्याची चटणी गरम होऊन काळपट पडली. घरमालकीण हिराआत्यानं बोट चाटून विचारलं, "चटणी हाय का शेवाळ?" दुसऱ्या दिवशी मंगल गुपचूप पाट्यावर हजर!

*

पुदिना मोरीपाशी माजलेला. एकदा दिवेलागणीला खुडायला वाकले, तर आत्या म्हणाली, "सांच्याला खुडू नगा, वरडतंय ते!" मी सायन्स शिकवणारी. तरी हात मागं घेतला.

*

माझ्या मुलीचं बारसं. आमच्याकडं बाळाआधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात. शेजारच्या सुनंदावहिनींची दोन बाळं गेली होती, दोन्ही नाव ठेवायच्या आधीच. त्यांनी कुंचीतला वरवंटा उचलला आणि सोडेचनात.

"द्या की वहिनी, उद्या चटणी वाटायचीय!" मी म्हटलं. सगळ्या हसल्या. वहिनीही हसल्या. माझ्या त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

*

तेव्हापासून कुणाचीही चटणी झाली की वहिनी वरवंटा स्वतः धुवायच्या, कोमट पाण्यानं. पदरानं टिपायच्या. "मिरची जरा कमी घाला, बाई. त्याला झोंबतंय." माझी चटणी मिळमिळीत झाली. मिस्टर कुरकुरले. मी कारण सांगितलं नाही.

*

एका सकाळी पाट्यावर वरवंटाच नव्हता! कोथिंबीर निवडून झालेली, शाळेला उशीर होत होता. सरळ वहिनींच्या दारात गेले. आत लुगड्याची झोळी टांगलेली. वजनानं खाली आलेली, संथ हलत होती. वहिनी लांब चुलीपाशी भाकरी थापत होत्या, दोन्ही हात पिठात.

"वहिनी, वरवंटा..."

"हळू बोला की, बाई. आत्ता कुठं डोळा लागलाय."

इतका सुखी चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मागणं माझ्याच्यानं झालं नाही. राहू दे आजची चटणी, म्हटलं, आणि पाय न वाजवता बाहेर आले.

नळावर हिराआत्या वरवंटा घासत बसली होती.

"काय हुडकताय, बाई? ह्यो हितं हाय की!"