लाल कॅप्सूल आणि साठ पाठी

वडगावच्या तहसील कचेरीत मी बत्तीस वर्षं कारकुनी केली. तिथे माणसं खोटं बोलायला यायची, त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ साठलं. निवृत्तीनंतर एका दवाखान्यात अर्धवेळ लागलो. दवाखान्यात माणूस खरं बोलतो अशी माझी समजूत होती. साठा दुप्पट झाला.

दवाखाना मावळातलाच, ट्रस्टचा. नाव सांगत नाही, कारण सगळी मंडळी अजून कामावर आहेत आणि मला तिथे फुकट बीपी मोजून मिळतं.

तिथल्या डॉक्टर देसाई मॅडमना संशोधनाच्या कागदांसाठी माणूस हवा होता. त्यांनी विचारलं, “काका, तुम्हाला रिसर्चमधलं काय येतं?”

मी म्हटलं, “काहीच नाही.”

“मग बरंय. ज्यांना थोडं येतं ते आकडे सुधारून ठेवतात.”

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर.

*

सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी एक लाल कॅप्सूल होती.

आमचे सगळ्यात जुने डॉक्टर म्हणजे परांजपे सर. भातलावणीनं पाठ धरली की माणूस सरांकडे यायचा, आणि सर त्याला ताकदीची लाल कॅप्सूल द्यायचे. आत जीवनसत्त्वं, बाहेर लाल रंग. लोकांचा विश्वास मुख्यतः रंगावर. मॅडमनी एकदा पाठदुखीची मार्गदर्शक तत्त्वं छापून सरांपुढे ठेवली. जगभरच्या अभ्यासांवरून काढलेली. त्यात व्यायाम होता, हालचाल होती, लाल कॅप्सूल कुठेच नव्हती.

सरांनी चष्मा वर सरकवून पहिलं पान वाचलं. “हे लिहिणाऱ्यांनी कधी चिखलात वाकून भात लावलाय?”

“तुम्ही लावलाय, सर?” मॅडमनी विचारलं.

“मी तीस वर्षं ही कॅप्सूल देतोय. एकही पेशंट तक्रार घेऊन परत आलेला नाही.”

आमच्या कांबळे सिस्टर तिथे पट्ट्या मोजत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “जे परत आले नाहीत ते कुठं गेले, ते कुणी बघितलंय का, सर?”

वाद ट्रस्टचे अध्यक्ष भाऊसाहेब यांच्याकडे गेला. भाऊसाहेब बागायतदार. निवाडा करायची घरात पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ते म्हणाले, “मॅडम, परदेशातल्या पाठी मला सांगू नका. आपल्या साठ पाठींवर दाखवा. एक हंगाम देतो. कॅप्सूल निरुपयोगी ठरली तर बंद करू. पण साठातल्या दहापेक्षा जास्त माणसं गळाली, तर तुमचा अभ्यास बंद आणि तुमची संशोधनाची खोली गाद्या ठेवायला.”

म्हणजे एका बाजूला मॅडमचं सगळं काम आणि दुसऱ्या बाजूला गाद्या. मी गाद्यांच्या खोलीत बसूनच त्या बैठकीचे मिनिट्‌स लिहिले. गाद्या आधीच येऊन पडल्या होत्या.

*

अभ्यास असा होता. साठ जणांना सारख्याच दिसणाऱ्या बाटल्या द्यायच्या. निम्म्या बाटल्यांत खरी कॅप्सूल, निम्म्यांत तशीच लाल, पण आत औषध नसलेली. कुणाची कोणती, हे ना पेशंटला माहीत, ना डॉक्टरला, ना मला. यादी पुण्यात एका सीलबंद पाकिटात.

त्याआधी संमतीपत्र. अकरा पानी. ते प्रत्येकाला वाचून दाखवून, समजावून, मग सही घ्यायची. कांबळे सिस्टरनी पहिलं संमतीपत्र एका मावशींना वाचून दाखवलं. सातव्या पानावर वाक्य होतं: तुम्ही या अभ्यासातून केव्हाही, कोणतंही कारण न देता बाहेर पडू शकता, त्याबद्दल कुणीही तुम्हाला बोल लावणार नाही.

मावशी म्हणाल्या, “पुन्यांदा वाच गं.”

सिस्टरनी पुन्हा वाचलं.

“लग्नाच्या येळी हे कुनी वाचून न्हाई दावलं,” मावशी म्हणाल्या, आणि सही केली.

*

सगळेच इतक्या सहज तयार झाले नाहीत. नाणे मावळातल्या एका वाडीवर बारा माणसं मिळण्यासारखी होती, पण ती सगळी वाडीतल्या आबांच्या शब्दाबाहेर नव्हती. आबांनी सही केली तर बारा, नाहीतर शून्य. आबा पंच्याहत्तरीचे, शेतावर रोज जाणारे. अकरा पानं त्यांनी डोळे मिटून ऐकली.

“ह्यानं सातबाऱ्यात काय बदल व्हनार न्हाई ना?”

त्यांचा प्रश्न वाजवी होता. आमच्याकडे बंगल्यांसाठी जमिनी घेणारे पुण्या-मुंबईचे लोक सुरुवातीला असेच गोड बोलत सही मागतात. मॅडमनी मला पुढे केलं. मी म्हटलं, “आबा, मी स्वतः तहसीलमध्ये होतो. शब्द देतो, जमिनीशी काही संबंध नाही.”

आबांनी डोळे उघडून मला नीट पाहिलं. “तुमी तहसीलात व्हता?”

“हो. बत्तीस वर्षं.”

“मंग तर मी अजिबात सही करनार न्हाई.”

शेवटी त्यांनी संमतीपत्राच्या तळाला स्वतःच्या हातानं लिहिलं, “या कागदाचा जमिनीशी संबंध नाही,” आणि मग सही केली. अभ्यासात माणसांवर अन्याय होऊ नये म्हणून एक एथिक्स कमिटी असते, तिच्यापुढे हा कागद गेला. फॉर्ममध्ये परस्पर वाक्य घातलं म्हणून एक डॉक्टर सदस्य रागावले. कमिटीवरच्या निवृत्त शिक्षिका बाई म्हणाल्या, “राहू द्या हो. अकरा पानांत मला समजलेलं हे एकच वाक्य आहे.”

*

मग शिफारशी सुरू झाल्या. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा मला फोन आला. त्यांच्या मातोश्री अभ्यासात होत्या.

“आमच्या आईला खरी गोळी मिळाली पाहिजे.”

“साहेब, खरी कुणाला ते मलाच माहीत नाही.”

“डॉक्टरीणबाईंना सांगा.”

“त्यांनाही माहीत नाही.”

“असं कसं? मग माहिती आहे कुणाला?”

“पुण्यात एक बंद पाकीट आहे, त्याला.”

मग हलक्या आवाजात, “त्या पाकिटाचा मोबाइल नंबर द्या.”

*

दुखणं मोजायला शून्य ते दहाची पट्टी होती. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. कागदावर सोपं वाटतं.

“मावशी, आज पाठ किती दुखते? दहापैकी?”

“धा म्हंजी केवढं?”

“सगळ्यात जास्त.” सिस्टरनी विचार करून सांगितलं, “बाळंतपणाएवढं धरा.”

“कितव्या?”

पुरुषांची तऱ्हा वेगळी. ते आण्यांत सांगायचे. “काल बारा आने व्हतं, आज आठ आन्यावर आलंय.” मॅडम म्हणाल्या, शून्य ते दहाच पाहिजे. सिस्टरनी सोळा आण्यांचे दहा गुण करून भिंतीवर तक्ता लावला. आठ आणे म्हणजे पाच, बारा आणे म्हणजे साडेसात. पुढे अभ्यासाची तपासणी करायला एक मॉनिटर आले. इंग्रजी शाळेत शिकलेला तरुण माणूस. त्यांनी तक्त्याचा फोटो काढला आणि विचारलं, “हे इंटरनॅशनल स्केल आहे का?”

सिस्टर म्हणाल्या, “नाही सर, त्याच्या आधीचं.”

*

पावसाळ्यात माणसं गळायला लागली. एकजण लेकीकडे गेला, एकाला वराळ्याच्या कंपनीत वॉचमनची नोकरी लागली, दोघांचा फोनच लागेना. गळालेल्यांचा आकडा नऊवर आला. अजून दोन गेले की गाद्या. मॅडम रोज सकाळी येऊन आधी माझ्याकडे बघायच्या. मी बोटं दाखवायचो.

दहावी जाणार होती ती भुशी धरणावर कणसं भाजून विकणारी सुमनताई. शनिवार-रविवार सोडून तिला दवाखान्यात यायला कोण अडवत होतं? पण तिची तपासणीची ठरलेली तारीख रविवारी आली, ती बदलता येईना आणि रविवारी भुशीला गर्दी सोडून ती हलणार नव्हती. रस्ता गाड्यांनी तुंबलेला. कांबळे सिस्टर कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दीड तास चालत तिथे पोचल्या. मी मागे छत्री धरून.

धरणाच्या पाण्यातून ओलेचिंब आलेले लोक कणसांसाठी उभे. सिस्टरनी निखाऱ्याशेजारी उभ्या राहूनच प्रश्न विचारायला सुरुवात केली. वाकताना दुखतं का, झोप लागते का, दहापैकी किती. सुमनताई कणीस फिरवत उत्तरं देत होती. सही घेऊन सिस्टर वळल्या, तर त्यांच्यामागे पाच-सहा पर्यटक रांग लावून उभे.

पहिला म्हणाला, “मॅडम, आमचं पण लिहा. चार जण आहोत.”

“कशाचं?” सिस्टरनी विचारलं.

“ते माहीत नाही. पण इथे रांग असली की आधी उभं राहायचं.”

सुमनताई वाचली. आकडा नऊवरच राहिला.

*

यानंतरचं जरा सविस्तर सांगतो.

दर महिन्याला माणसं बाटल्या घेऊन यायची. तीस कॅप्सूल दिलेल्या, अठ्ठावीस दिवसांनी तपासणी, म्हणजे दोन उरायला हव्यात. कुणाच्या कधीच दोन उरायच्या नाहीत. सात उरायच्या, अकरा उरायच्या, एकाची बाटली रिकामी आणि त्यात मोहरी. मात्र आबांच्या वाडीवरच्या बाराही बाटल्यांत दोन. बरोबर दोन. मॅडम खूश होत्या.

सिस्टर खूश नव्हत्या. “मी नर्स आहे,” त्या म्हणाल्या, “आणि पाच दिवसांचं औषध मला सात दिवस पुरतं. या बारा जणांत एकपण विसरत नाही?”

आम्ही तिघं वाडीवर गेलो. सकाळची वेळ होती. समाजमंदिराच्या पायरीवर आबा बसलेले, पुढ्यात स्टीलचं पातेलं, भोवती अकरा जण. आबा प्रत्येकाच्या हातावर एक लाल कॅप्सूल ठेवत होते.

मॅडमनी विचारलं, “आबा, हे काय?”

“गोळ्या. येळेवर देतो सगळ्यांना. एक चुकत न्हाई.”

“पण प्रत्येकाची बाटली वेगळी होती ना?”

“व्हय की. पन तुमीच म्हनला, काहींना खरी, काहींना खोटी. एका वाडीत आसं भेद करून चालतं का? आमी बाराच्या बारा बाटल्या ह्यात वतल्या, चांगल्या कालवल्या, आन रोज एक वाटतो. ज्याच्या नशिबात जी यील ती. म्हैना भरला की दोन-दोन परत भरून ठिवतो, तुमचा हिशोब चुकाया नको.”

मॅडम पायरीवरच बसल्या. एका म्हातारीनं त्यांच्याही हातावर कॅप्सूल ठेवली.

“मॅडमना लय दुखतंय वाटतं,” आबा म्हणाले.

परतताना गाडीत मी बोटांवर हिशोब केला. नऊ आणि बारा एकवीस. वडगाव दिसायला लागल्यावर मी म्हटलं, “मॅडम, कागदावर सगळं ठीक आहे. बाराही बाटल्यांत दोन-दोन. आपण वाडीवर गेलोच नाही असं धरलं, तर कुणाला कळणार नाही. बत्तीस वर्षांचा अनुभव सांगतो.”

मॅडमनी खिडकीबाहेर बघतच सांगितलं, “काका, घरी गेलात की पातेल्यासकट सगळं लिहून काढा. उद्या भाऊसाहेबांना देते.”

मी लिहिलं. पातेल्याला इंग्रजी शब्द सापडेना, म्हणून ते तसंच ठेवलं.

*

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी कागद वाचला आणि खोली चार दिवसांत रिकामी करायला सांगितली. त्यात त्यांची चूक नव्हती, ठरलेलंच होतं. मॅडम फाइली खोक्यात भरत होत्या. सिस्टर तक्ता काढत होत्या. मी खोक्यांवर नंबर घालत होतो. मॅडम एवढंच म्हणाल्या, “म्हणजे कॅप्सूल चालू राहणार.”

तिसऱ्या दिवशी दुपारी परांजपे सर आले. सर जिंकले होते, त्यामुळे ते बोलून दाखवायला आलेत असं आम्हाला वाटलं. त्यांनी दार ओढून घेतलं. खुर्चीचा हात धरून, आधी एक बाजू मग दुसरी, असे अगदी सावकाश बसले.

“भाऊसाहेबांशी बोललोय,” सर म्हणाले. “खोली राहू दे म्हटलं. आणखी एक हंगाम. पुन्हा साठ माणसं घ्या.”

मॅडमच्या हातातली फाइल तशीच राहिली. “सर, तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

“का?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं, मग खिडकीकडे. “महिना झाला, पाठ धरलीय. आपलीच कॅप्सूल घेतोय. रोज दोन.”

सिस्टरनी खोक्यातून एक संमतीपत्र काढलं, सरांसमोर ठेवलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. सरांनी अकराही पानं ऐकून घेतली. मग खिशातून पेन काढून सही केली आणि कागद मॅडमकडे सरकवला.

“माझं नाव पहिलं घाला,” ते हळूच म्हणाले. “फक्त, मला ती औषध नसलेली मिळेल असं बघा.”