तिच्या ओळीपुरतं थांबणं

सकाळपासून हवा ओली होती. धुकं कसलं, गल्लीवर कुणी घोंगडंच टाकल्यासारखं. अशा हवेत पॉलिशचा हात मारला तर लाकूड पांढरं पडतं, भूत बघितल्यासारखं. म्हणून पॉलिशदादांनी बाटली उघडलीच नाही. गिऱ्हाइकाची शिसवी खुर्ची उलटी पाडून तिचे पाय काचपेपरनं घासत बसले.

लोकांच्या बैठका चमकवण्यात दादांचे केस पांढरे झाले. स्वतःच्या खोलीत मात्र एक खाट, एक टेबल, दोन स्टुलं आणि भिंतीवर क्रूस. बायको गेल्यापासून दुसऱ्या स्टुलावर रंगाचे डबे बसत. आज ते खाली उतरवले होते, कारण मुलगा न्यायला येणार होता. फोनवर त्यानं बजावलं होतं, "पप्पा, या वेळी नाही आलात, तर मीही पुन्हा यायचा नाही." एकुलता एक पोरगा.

मुलगा आला तो रुमालानं स्टूल पुसूनच बसला.

"तुमच्यासाठी वेगळी खोली केलीय. टीव्ही, गरम पाण्याचा नळ. गादी तर अशी की पडलात की उठणार नाही."

"मग कामाला कसा उठू?"

"काम सांगितलंय कुणी? इथं आहे काय तुमचं? एक खाट, तीही कुरकुरते."

"कुरकुरते म्हणून तर बरं. रात्री कुणीतरी बोलतं."

मुलगा हसला नाही. दादांनी ताटं वाढली, डोळे मिटले.

या घरात जेवणाआधीची प्रार्थना दोघांची असे. एक ओळ दादांची, पुढची बायकोची. हॉस्टेलवर वाढलेल्या मुलाच्या डोक्यातून ते पार गेलं होतं. दादा म्हणाले, "प्रभू, आजचं ताट तू वाढलंस." आणि गप्प झाले.

मुलानं एक डोळा उघडला. "पप्पा? विसरलात? बघा, मी म्हणत नव्हतो! आज प्रार्थना विसरलात, उद्या गॅस बंद करायला विसराल. जेवण झालं की बॅग भरा."

"विसरलो नाही रे. पुढची ओळ तुझ्या आईची. तिच्यापुरता थांबतो."

मुलाचा हात ताटातच राहिला.

"आधी ती गप्प जागा मला खायची," दादा म्हणाले. "ताट तसंच सारून उठायचो. देवाला म्हणायचो, एवढी भरून काढ. नाही काढली त्यानं. पण थांबता थांबता एक दिवस कळलं, मी एकटा थांबत नाहीये. तोही थांबलाय माझ्याबरोबर. तेव्हापासून जेवण अंगी लागतंय बघ."

"आणि माझ्या घरी देव नाही?"

"आहे की. पण तुम्ही त्याला बसू कुठं देता? मागच्या खेपेला मी असाच थांबलो, तर सूनबाईनं भाजी वाढली आणि तू 'आमेन' म्हणून मोकळा झालास."

मुलगा म्हणाला, "म्हणजे येणार नाही."

"एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? तू येऊन गेलास की जास्तच वाटतं. पण कमी काही नाही रे मला."

दादांनी पुन्हा डोळे मिटले, आपली ओळ म्हटली आणि थांबले. आईची ओळ मुलाला येत नव्हती. त्यानं आमेनही म्हटलं नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी नळ उघडून बंद केला, तेवढाच आवाज. मग दादांनी प्रार्थना पुरी केली आणि दोघं जेवले.

जाताना मुलगा दारात घुटमळला. पुन्हा येईन, असं काही बोलला नाही. "स्वेटर घालत जा," म्हणाला. दादांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर रडू फुटलं असतं. गाडी कोपऱ्यावर वळली, तरी ते बराच वेळ दारात उभे होते.

मग आत आले, बाह्या सारल्या आणि खरकटी ताटं घासायला घेतली.