रेडिओ, दोन चमचे

कंपाउंडरकाकांनी एकतीस वर्षांत लिहिलं काय, तर लेबलं. जेवणानंतर. झोपताना. हलवून घेणे. लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोला पाठवलेलं पत्रही चार ओळींत आटोपलं होतं, आणि शेवटी सवयीनं तारीख टाकून खाली रेघ मारली होती. असा हा शब्दांचा शत्रू.

आणि नेमकी त्यांच्यावरच बोलायची वेळ आली. काकू मोठ्या आजारातून उठल्या, डॉक्टर म्हणाले, "प्रकृती ठणठणीत आहे." पण काकू खुर्चीत बसत त्या बसतच. हसणं नाही, भांडणसुद्धा नाही. "कशातच गोडी वाटत नाही हो," एवढंच म्हणायच्या. काकांचा जीव तिळतिळ तुटायचा. समजूत घालायला जावं तर तोंडातून शब्द फुटत नसे.

मग त्यांनी जे येत होतं तेच केलं. दवाखान्यात गर्दी ओसरली की एखादं लेबल लिहायचं आणि संध्याकाळी घरात गुपचूप चिकटवायचं. खिडकीवर: "कोवळं ऊन. रोज सकाळी, उपाशीपोटी चालेल." जुन्या शालीवर: "फक्त बाहेरून लावण्यासाठी." चहाच्या डब्यावर: "दोघांनी मिळून घेणे. एकट्यानं घेतल्यास गुण येत नाही." काकू वाचायच्या आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसायच्या. काकांनी मात्र चिकाटी सोडली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी रेडिओला लेबल लावलं आणि हातपाय धुवायला गेले. बाहेरून कसलासा आवाज आला. येऊन बघतात तो काकू पदर तोंडाला लावून हसताहेत!

"अहो, हा रेडिओ दोन चमचे घ्यायचा कसा? आणि तोही दिवसातून तीनदा?"

काकांना आनंदानं रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात त्यांनी रेडिओवरचं लेबल नीट वाचलं. दोन चमचे म्हणजे खोकल्याचं औषध! ते तर दुपारी दवाखान्यात आलेल्या मास्तरांना दिलं. मग मास्तरांच्या बाटलीवर रेडिओचं लेबल गेलं की काय? त्यावर काय लिहिलं होतं ते त्यांनी काकूंना सांगून टाकलं: "आवडतं गाणं लागलं की एकदा. दुसरं लागलं तर पुन्हा, कितीही वेळा."

"कितीही वेळा?" काकूंनी कपाळाला हात लावला. "आणि मास्तर लिहिलेलं तंतोतंत पाळणारे! चला, मीही येते. तुम्हाला तिथं एक वाक्य धड बोलता येणार नाही."

चार महिन्यांत काकूंनी उंबरा ओलांडला नव्हता. काकांना हे सुचलं ते अर्धा रस्ता गेल्यावर, कारण काकू त्यांच्या पुढे चालत होत्या.

निवृत्त मास्तर एकटेच राहायचे. दार उघडंच होतं. टेबलावर बाटली, बाजूला चमचा, आणि रेडिओला कान लावून मास्तर खोकत बसलेले.

"मास्तर, किती घेतलंत?" काकूंनीच विचारलं.

"कुठलं घेतोय! दुपारपासून ताटकळलोय. नुसत्या बातम्या आणि भाषणं. एक गाणं लागलं, पण खोटं कशाला बोलू, ते मला आवडत नाही."

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कान पकडून चूक कबूल केली, नवं लेबल लिहिलं, दोन चमचे स्वतः पाजले. मास्तरांनी जुनं लेबल मात्र परत दिलं नाही. काकू तासभर त्यांच्याशी जुन्या गाण्यांवर वाद घालत बसल्या, आणि हरल्या नाहीत.

काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होते. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक चूक झाली होती, आणि त्या चुकीचे किती आभार मानू असं त्यांना झालं होतं.

परतताना काकू म्हणाल्या, "खोकला बराच आहे हो त्यांना. उद्या पुन्हा येऊन जाऊ."

काका चालता चालता थांबले. आजारपणापासून काकूंच्या तोंडी उद्याचं नावच आलं नव्हतं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "येऊ ना, उद्या येऊ."